ऑटोमायएसक्यूएलबॅकअप : डेटाबेसने लॉगिन नाकारले, तर हे साधन काय करते?

लहान सर्व्हरवरच्या मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या डेटाबेसांचा रोजचा बॅकअप आपोआप घेण्यासाठी डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींच्या भांडारातून मिळणारे ऑटोमायएसक्यूएलबॅकअप हे साधन जुने आहे, मोफत आहे आणि अजूनही भरपूर वापरात आहे. ही मुळात एक लांबलचक बॅश स्क्रिप्ट, म्हणजे आदेशांची फाइल, आहे. एका आदेशात ती बसते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला बॅकअप तयार असतो. मी सांभाळतो त्या सर्व्हरांपैकी बऱ्याच ठिकाणी ती चालू आहे, त्यामुळे तिच्या सोयीबद्दल चांगले बोलायला माझ्याकडे भरपूर आहे. तरीही या परीक्षणात मी तिला मुख्यतः एका प्रश्नावर तपासणार आहे : ज्या दिवशी डेटाबेस या स्क्रिप्टची ओळख पटवून घ्यायला नकार देतो, त्या दिवशी ती काय करते आणि ते कोणाला कळते? डिस्क भरली तर सर्व्हरवरच्या सगळ्याच गोष्टी बोंब मारतात. बॅकअपचे लॉगिन तुटले तर मात्र संकेतस्थळ चालू राहते, अर्ज भरले जातात, पावत्या निघतात आणि कोणाच्याही काही लक्षात येत नाही. म्हणूनच बॅकअपच्या साधनाची खरी किंमत मला याच प्रश्नावर ठरवावीशी वाटते.

आधी बांधणी पाहू. हे पॅकेज बसवले की क्रॉन या ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या रोजच्या कामांच्या डिरेक्टरीत त्याची फाइल येते आणि डेबियनच्या नेहमीच्या वेळापत्रकानुसार ते सकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी चालते. बॅकअप ‘व्हार-लिब’खालच्या स्वतःच्या डिरेक्टरीत जातात. तिथे डेली, वीकली आणि मंथली असे तीन कप्पे असतात, प्रत्येक कप्प्यात दर डेटाबेसची वेगळी डिरेक्टरी असते, आणि फाइलच्या नावातच तारीख, वेळ व वार लिहिलेला असतो. रोजची फाइल पुढच्या आठवड्यात त्याच वारी बदलली जाते, शनिवारची साप्ताहिक फाइल पाच आठवडे टिकते आणि महिन्याच्या पहिल्या तारखेची फाइल स्क्रिप्ट कधीच पुसत नाही. ही रचना मला मनापासून आवडते. सर्व्हर कोसळल्यावर घाईत काम करणाऱ्या माणसाला कोणतेही खास सॉफ्टवेअर लागत नाही; डिरेक्टरी उघडायची, हवा तो वार शोधायचा, जीझिपने दाबलेली फाइल उलगडून थेट डेटाबेसला द्यायची. बॅकअप कोणत्या स्वरूपात आहे हे आठवत बसावे लागत नाही, याचे मोल अडचणीच्या रात्रीच कळते.

लॉगिनची व्यवस्थाही पहिल्यांदा पाहताना नेटकी वाटते. डेबियनच्या पॅकेजमध्ये सेटिंगच्या फाइलीत पासवर्ड लिहावा लागत नाही, कारण स्क्रिप्ट ‘डेबियन.सीएनएफ’ या फाइलीतून नाव आणि पासवर्ड उचलते. ही फाइल डेबियनने स्वतःच्या देखभालीसाठी बनवलेली आहे. मायएसक्यूएल बसवताना ‘डेबियन-सिस-मेंट’ नावाचा एक खास यूजर तयार होतो, त्याला आपोआप एक पासवर्ड मिळतो आणि तो पासवर्ड फक्त रूटला (यंत्राच्या सर्वाधिकारी यूजरला) वाचता येईल अशा या फाइलीत ठेवला जातो. उबुंटूवरच्या मायएसक्यूएलमध्ये ही पद्धत अजून चालू आहे. मारियाडीबीच्या बाबतीत डेबियन ९ पासून चित्र बदलले. तिथे त्याच फाइलीत रूटचे नाव आणि रिकामा पासवर्ड असतो, कारण युनिक्स सॉकेटवरून, म्हणजे त्याच यंत्राच्या आतून, आलेली व्यक्ती खरोखर यंत्रावरची रूट आहे का, हे मारियाडीबी थेट ऑपरेटिंग सिस्टिमलाच विचारते. मारियाडीबीने २०१९ मध्ये १०.४ आवृत्तीपासून स्वतःच्या मूळ वितरणातही रूटसाठी हीच पद्धत आणली. पासवर्डच नसेल तर तो बदलण्याचा, चुकण्याचा किंवा मुदत संपण्याचा प्रश्न उरत नाही, म्हणून बॅकअपसाठी याहून सोयीची व्यवस्था नाही, असे माझे मत आहे.

अडचण येते ती डेबियन-सिस-मेंटवर विसंबलेल्या सर्व्हरांवर. माझ्याकडे देखभालीला आलेल्या एका शिक्षणसंस्थेच्या सर्व्हरवर असाच प्रकार झाला होता. जुन्या यंत्रावरून नव्या यंत्रावर स्थलांतर करताना आधीच्या ठेकेदाराने सगळ्या डेटाबेसांचा एकत्र डंप (माहितीची फाइलीत काढलेली पूर्ण प्रत) नव्या मायएसक्यूएलमध्ये ओतला होता. त्या डंपमध्ये ‘मायएसक्यूएल’ हा यंत्रणेचा स्वतःचा डेटाबेसही होता, आणि यूजर व पासवर्ड त्यातच राहतात. त्यामुळे नव्या सर्व्हरवरच्या डेबियन-सिस-मेंटला जुन्या सर्व्हरचा पासवर्ड लागला, आणि डेबियन.सीएनएफमध्ये मात्र नव्या यंत्राने बनवलेला पासवर्ड तसाच राहिला. तिथून पुढे दर सकाळी डेटाबेसचे उत्तर एकच : त्रुटी १०४५, ॲक्सेस डिनाइड फॉर यूजर डेबियन-सिस-मेंट, यूजिंग पासवर्ड येस. शेवटचे ‘येस’ इथे महत्त्वाचे आहे. पासवर्ड दिला गेला होता, पण तो चुकीचा होता. तिथे ‘नो’ असते तर फाइल वाचलीच गेली नाही असा तर्क करावा लागला असता आणि शोध वेगळ्या दिशेला गेला असता.

मी डेलीचा कप्पा उघडला तेव्हा शनिवार सोडून बाकी सहाही वारांच्या फायली जागेवर होत्या. नावे बरोबर, तारखा अगदी ताज्या, शेवटी जीझिपचे शेपूट. केवळ यादी पाहणाऱ्या माणसाला सगळे सुरळीत वाटले असते. आकाराच्या रकान्यात मात्र प्रत्येक फाइल जेमतेम पन्नास-साठ बाइटची होती. रिकामी फाइल जीझिपने दाबली की तिचे स्वतःचे शीर्ष आणि शेवटची तपासणीची बेरीज एवढेच उरते, शिवाय मूळ फाइलचे नाव त्या शीर्षात साठवले जाते. म्हणजे त्या पन्नास-साठ बाइटांत फाइलच्या नावाखेरीज संस्थेचे काहीही नव्हते.

या ठिकाणी साधनाचा सर्वांत गंभीर दोष समोर येतो. मूळ २.५ आवृत्तीची स्क्रिप्ट उघडून वाचली तर दिसते की रोजच्या बॅकअपमध्ये गेल्या आठवड्यातली त्या वाराची फाइल आधी पुसली जाते आणि नवा डंप त्यानंतर काढला जातो. डंप फसला तरी पुसलेली फाइल परत येत नाही. मंगळवारी लॉगिन तुटले तर गेल्या मंगळवारची चांगली फाइल जाते आणि तिच्या जागी पोकळ फाइल बसते. बुधवारी तेच होते, आणि आठवडाभरात रोजच्या कप्प्यात एकही उपयोगी प्रत उरत नाही. साप्ताहिक कप्पा त्यानंतर काही आठवड्यांत रिकामा होतो. त्या संस्थेच्या हाती लागली ती फक्त मंथली कप्प्यातली जुन्या यंत्रावरून आणलेली एक प्रत, कारण तो कप्पा पुसायचा नाही असे स्क्रिप्टच्या कर्त्याने ठरवले होते. आधी नवी प्रत घ्यावी, ती धड आहे हे पाहावे आणि मगच जुनी काढावी, हा क्रम कोणत्याही बॅकअपच्या साधनात गृहीत धरायला हवा. इतक्या वर्षांच्या साधनात तो उलटा असावा, हे मला स्वीकारता येत नाही.

हा तोटा त्या संस्थेला झाला याला एक विशिष्ट कारण होते : बॅकअप घ्यायच्या डेटाबेसांची नावे कोणीतरी सेटिंगमध्ये हाताने लिहून ठेवली होती. डेबियनचे मूळ सेटिंग जसेच्या तसे ठेवले असते तर वेगळे घडले असते. त्यात नावांची यादी डेटाबेसलाच विचारून मिळवली जाते, आणि लॉगिन नाकारले गेले की ती यादीच रिकामी येते. यादी रिकामी म्हणजे काम शून्य; नवे काही तयार होत नाही आणि जुने काही पुसलेही जात नाही. हे संरक्षण विचारपूर्वक केलेले नसून योगायोगाने मिळालेले आहे, पण ते मिळते एवढे खरे. म्हणून हे साधन वापरणाऱ्या प्रत्येकाला माझे आग्रहाचे सांगणे आहे की नावांची यादी हाताने लिहू नये. आपोआप यादीचा आणखी एक फायदा असा, की संस्थेने मध्येच नवा डेटाबेस उघडला तर तो आपसूक बॅकअपमध्ये येतो.

आता ही गोष्ट कोणाला कळते, या प्रश्नाकडे. स्क्रिप्ट त्रुटी वेगळ्या नोंदीत जमा करते आणि मेल पाठवू शकते. मेलच्या विषयातच त्रुटी असल्याचे लिहिते, ही चांगली सोय आहे. मात्र मेल जातो तो मूळ सेटिंगप्रमाणे त्याच यंत्रावरच्या रूटला, आणि भाड्याने घेतलेल्या लहान उबुंटू सर्व्हरांवर मेल पाठवणारा प्रोग्रॅम बसवलेला नसू शकतो. अशा वेळी क्रॉन सिस्टिमच्या नोंदीत ‘नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट’ अशी एक ओळ लिहितो आणि तक्रार टाकून देतो. ज्या आवृत्त्यांत पासवर्ड आदेशाच्या ओळीतूनच दिला जातो, तिथे याच्या उलट त्रास होतो. मायएसक्यूएल ५.६ पासून असा पासवर्ड दिला की सुरक्षिततेचा इशारा छापला जातो, स्क्रिप्ट तो इशारा त्रुटी समजते, आणि बॅकअप उत्तम झालेला असतानाही रोज त्रुटीचा मेल येतो. लांडगा आला रे आला असे रोज ओरडणारा मेल महिनाभरात न वाचता पुसला जाऊ लागतो, आणि लॉगिन खरेच तुटते त्या दिवशीचा मेलही त्याच रांगेत जातो.

सूचना न पोहोचण्याचा हा दोष लहान सर्व्हरांपुरता आहे असे कोणी समजू नये. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रॅमरांच्या कोडसाठीच्या सेवेच्या मुख्य डेटाबेसची माहिती चुकून पुसली गेली, तेव्हा त्यांच्या पोस्टग्रेस या डेटाबेसचा रोजचा डंप बरेच दिवस फसत असल्याचे उघड झाले. तिथले कारण लॉगिनचे नव्हते, ९.६ आवृत्तीच्या सर्व्हरवर ९.२ चा डंप प्रोग्रॅम चालत होता. पण फसल्याचे मेल डीमार्क या मेलच्या खरेपणाच्या तपासणीत अडकून नाकारले जात होते, म्हणून ते कोणापर्यंत पोहोचले नाहीत. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेला स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) हाती होता, त्यामुळे नुकसान तेवढ्या अवधीपुरते राहिले. हे सारे गिटलॅबने स्वतः सविस्तर जाहीर केले आणि त्याबद्दल त्या मंडळींविषयी मला आदर वाटतो.

लॉगिन पूर्ण तुटणे निदान शोधता तरी येते. अर्धवट अधिकार हा त्याहून अवघड प्रकार आहे, आणि ऑटोमायएसक्यूएलबॅकअप त्याबद्दल काहीच बोलत नाही. अनेक जाणकार लोक सुरक्षिततेसाठी बॅकअपचा वेगळा यूजर बनवतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याला फक्त सिलेक्टचा, म्हणजे माहिती वाचण्याचा, अधिकार दिला तर डंप टेबल लॉक करताना त्रुटी १०४४ देऊन थांबतो, आणि फाइलीत सुरुवातीच्या काही ओळी मात्र उतरलेल्या असतात. अशी फाइल रिकामीही नसते, त्यामुळे केवळ आकार शून्य आहे का एवढे पाहणारी तपासणी तिला पकडत नाही. ट्रिगरचा अधिकार नसेल तर डंपमध्ये ट्रिगर (माहिती बदलताच आपोआप चालणारे आदेश) येतच नाहीत, आणि ते जमलेले नाहीत हे पुनर्स्थापना केल्यावर एखादी शिल्लक रक्कम जुळेनाशी झाली की कळते. ज्या डेटाबेसवर त्या यूजरला कोणताच अधिकार नाही, तो डेटाबेस त्याला यादीत दिसतही नाही. म्हणजे आपोआप यादीचा जो फायदा मी वर सांगितला, तो अशा मर्यादित यूजरच्या बाबतीत उरत नाही. २०२० मध्ये मायएसक्यूएलच्या ५.७.३१ आणि ८.०.२१ या आवृत्त्यांपासून टेबलस्पेसची (टेबले साठवण्याच्या जागेची) माहिती काढायला प्रोसेस हा अधिकारही लागू लागला, आणि वर्षानुवर्षे मुकाट चाललेल्या बॅकअपांनी एका साध्या अपडेटनंतर ॲक्सेस डिनाइडची तक्रार सुरू केली. टेबलस्पेस नको असल्याचा पर्याय डंपच्या आदेशात घातला की ती थांबते. सिलेक्ट, शो व्ह्यू, ट्रिगर, इव्हेंट, लॉक टेबल्स आणि प्रोसेस एवढे अधिकार बॅकअपच्या यूजरला एकदाच नीट द्यावेत, असे मी सुचवतो.

डेटाबेसच्या बाजूने ओळख पटवण्याचे नियम बदलत राहतात, आणि त्या बदलांपुढे हे साधन तसे असहायच आहे. मायएसक्यूएल ५.७ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत पासवर्डची मुदत ३६० दिवस ठेवलेली होती. वर्ष उलटायच्या आत बॅकअपचा यूजर बाद होत असे, आणि ही सक्ती ५.७.११ मध्ये काढली गेली. २०१८ च्या ८.० आवृत्तीने ‘कॅशिंग शा-२’ ही नवी पद्धत मूळ ठरवली, २०२४ मध्ये ८.४ ने जुनी ‘नेटिव्ह पासवर्ड’ पद्धत मुळात बंद ठेवली आणि त्याच वर्षी ९.० ने ती काढूनच टाकली. दुसऱ्या यंत्रावरून जुन्या क्लायंटने (डेटाबेसशी जोडणी करणाऱ्या प्रोग्रॅमने) बॅकअप ओढणाऱ्यांना याचा फटका सर्वांत आधी बसतो.

कॅशिंग शा-२ मधली एक खोच मुद्दाम सांगण्यासारखी आहे. एकदा पूर्ण ओळख पटली की सर्व्हर तिची खूण आपल्या मेमरीत ठेवतो आणि नंतरची लॉगिन झटपट होतात. बॅकअपची जोडणी नेटवर्कवरून, टीएलएस (जोडणी सांकेतिक रूपात सुरक्षित ठेवण्याची पद्धत) बंद ठेवून होत असेल, तर ही खूण शिल्लक असेपर्यंत सारे ठीक चालते. सर्व्हर रीस्टार्ट झाला की खूण जाते, पूर्ण ओळख पुन्हा लागते, त्यासाठी सुरक्षित जोडणी किंवा सर्व्हरची सार्वजनिक किल्ली हवी असते, आणि ‘ऑथेंटिकेशन रिक्वायर्स सिक्युअर कनेक्शन’ असे उत्तर येते. कोणीही पासवर्ड बदललेला नसताना, कोणतेही सेटिंग हलवलेले नसताना, कर्नलच्या अपडेटनंतर बॅकअप बंद पडला असे कोणी सांगितले तर मी सर्वांत आधी इथे पाहतो. टीएलएस चालू ठेवणे हाच यावरचा नीट उपाय आहे.

इतके दोष सांगितल्यावर, मग स्वतःच क्रॉनमध्ये एका ओळीचा डंप का लिहू नये, असे कोणी विचारेल. तो मार्ग मला अधिक धोक्याचा वाटतो. क्रॉनच्या ओळीत टक्क्याचे चिन्ह आले की क्रॉन तिथे ओळ तोडतो, त्यामुळे टक्का असलेला पासवर्ड अर्धाच पोहोचतो. सेटिंगच्या फाइलीत पासवर्डमध्ये हॅश असेल आणि तो अवतरणचिन्हांत नसेल, तर हॅशपासून पुढचा भाग टिप्पणी समजून सोडला जातो. आणि डंप पाइपने जीझिपला जोडला, म्हणजे एकाचे उत्पादन थेट दुसऱ्याला दिले, की शेल शेवटच्या प्रोग्रॅमचा निकाल धरतो. डंपला लॉगिन नाकारले गेले तरी जीझिपने आपले काम चोख केलेले असते, म्हणून निकाल यशाचा येतो आणि नेमकी २० बाइटची फाइल तयार होते. बॅशमध्ये ‘पाइपफेल’ लावल्याशिवाय हे उघडकीस येत नाही. ऑटोमायएसक्यूएलबॅकअपच्या मागे निदान पुष्कळ लोकांनी वाचलेली स्क्रिप्ट आहे.

पोस्टग्रेससाठी डेबियनमध्ये याच धर्तीचे ऑटोपोस्टग्रेसएसक्यूएलबॅकअप आहे. ते यंत्रावरच्या पोस्टग्रेस यूजरच्या नावाने काम करते आणि तिथे मुळातच ‘पीअर’ पद्धतीने, म्हणजे यंत्रावरच्या यूजरच्या नावावरून, ओळख पटत असल्याने पासवर्डचा प्रश्न येत नाही. दूरच्या सर्व्हरसाठी पासवर्डची फाइल वापरली तर तिची परवानगी ०६०० हवी. ती सैल असेल तर क्लायंट ती फाइल वाचतच नाही.

आता मी हे साधन कसे वापरतो ते सांगतो, कारण दोष ठाऊक असूनही मी ते सोडलेले नाही. क्रॉनच्या रोजच्या डिरेक्टरीतल्या मूळ फाइलीची एक्झिक्यूट परवानगी काढून टाकतो, म्हणजे क्रॉन तिला थेट चालवत नाही, आणि तिच्याऐवजी एक छोटी स्क्रिप्ट ठेवतो. ती आधी त्याच डेबियन.सीएनएफने लॉगिन करून डेटाबेसला ‘सिलेक्ट १’ विचारते. उत्तर आले नाही तर ती तिथेच थांबते, ऑटोमायएसक्यूएलबॅकअपला हातच लावत नाही, आणि त्यामुळे जुन्या प्रती पुसण्याची वेळ येत नाही. उत्तर आले तर बॅकअप होऊ देते आणि मग प्रत्येक ताजी फाइल उलगडून तिच्या शेवटच्या ओळीत ‘डंप कम्प्लीटेड’ हे शब्द शोधते. डंप पूर्ण झाला तरच ही ओळ लिहिली जाते. १०४४ ने अर्ध्यावर तुटलेली फाइल इथे पकडली जाते. सगळे धड झाले तर स्क्रिप्ट बाहेरच्या एका सेवेला ‘झाले’ असा संकेत पाठवते, आणि ठरलेल्या वेळेत संकेत आला नाही तर ती सेवा मला फोनवर कळवते. सूचना देण्याची जबाबदारी अशा रीतीने आजारी पडलेल्या यंत्रावर राहत नाही. स्क्रिप्टमध्ये बॅकअपपूर्वी चालवायच्या आदेशाची सोय आहे खरी, पण तो आदेश फसला म्हणून बॅकअप थांबत नाही, म्हणून मी तिच्यावर विसंबत नाही.

एकाच यंत्रावर मारियाडीबी आहे, बॅकअप रूटच्या नावाने सॉकेटवरून होतो आणि नावांची यादी आपोआप येते, अशा ठिकाणी मी या साधनाची शिफारस निःशंकपणे करेन. लहान शाळा, ग्रंथालये, पतसंस्था यांच्या एकट्या सर्व्हरला ते पुरेसे आहे. मायएसक्यूएल आणि डेबियन-सिस-मेंट असेल तर वर सांगितलेली पडताळणीची स्क्रिप्ट जोडूनच ते वापरावे, आणि स्थलांतरात यंत्रणेचा ‘मायएसक्यूएल’ डेटाबेस ओतला गेला असेल तर त्या यूजरचा पासवर्ड डेबियन.सीएनएफशी जुळवून घेतल्याशिवाय पुढचे कोणतेही काम हाती घेऊ नये. दूरच्या यंत्रावरून, हाताने लिहिलेल्या नावांच्या यादीसह, पासवर्डने लॉगिन करून बॅकअप ओढायचा असेल, तर मात्र जुनी प्रत आधी पुसण्याचा क्रम बदलेपर्यंत मी हे साधन कोणालाही सुचवणार नाही.